मुलांच्या हाती एक पंगत द्या

प्रश्न : मी चिपळूणमधल्या एका महिला मंडळाचं काम पाहते. गेल्या मे महिन्यात आम्ही १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी आठवडाभराचं ‘पाककला व नेतृत्वविकास शिबिर’ घेतलं. २६ मुलं आली, त्यात मुलगे चारच. सकाळी सँडविच, भेळ, बिस्किटांचा केक असे बिनगॅसचे पदार्थ, दुपारी वक्ते, शेवटच्या दिवशी सजावटीची स्पर्धा आणि प्रमाणपत्रं. पालक खूश होते. पण रोजची भांडी आम्ही बायकांनीच घासली, आणि महिन्याभरानं एक आई म्हणाली, ‘लेकीला अजून साधा कुकर लावता येत नाही हो.’ यंदा एका उद्योजकांनी ४० हजार रुपये देऊ केलेत, पण ‘मुलांमधलं नेतृत्व दिसलं पाहिजे’ अशी त्यांची अट आहे. मुलांना गॅसपाशी उभं करायची आम्हाला भीती वाटते. मुलगे येत नाहीत. दोन पालकांनी तर ‘कुणाच्या हातचं खायचं?’ असंही विचारलं. या शिबिराचं काय करावं?
– एक कार्यकर्ती, चिपळूण

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात बोलकं वाटलं ते भांड्यांचं वाक्य. स्वयंपाक म्हटला की त्यात बाजारहाट आली, निवडणं-टिपणं आलं, मोजमाप, चुलीपाशी उभं राहणं, वेळेत पानं मांडणं, वाढणं, खरकटं काढणं, भांडी आणि शेवटी ‘किती खर्च झाला आणि किती उरलं’ हेही आलं. तुमच्या शिबिरात या सगळ्यातलं काकडीचे काप रचण्याचं काम मुलांच्या वाट्याला आलं आणि बाकीचं तुमच्या. दुपारी जबाबदारीवर बोलायला आलेल्या वक्त्यांचा चहासुद्धा तुम्हीच केला असणार. मग त्या मुलीला कुकर लावता येईल कसा? तिला तो कुणी लावू दिला होता?

यंदा पदार्थांची यादी करूच नका. मुलांना एक पंगत द्या. रविवारी दुपारी साडेबारा वाजता ४० माणसं जेवायला येणार आहेत, त्यांना वरण, भात, एक भाजी किंवा उसळ, कोशिंबीर आणि ताक वाढायचं आहे, पैसे हे घ्या, बाकी तुम्ही बघा. एवढंच. असे चार रविवार. नेतृत्वासाठी वेगळा तास ठेवावा लागणार नाही, कारण साडेबाराला माणसं दारात उभी राहतात आणि तेव्हा भात कच्चा असेल तर काय करायचं हे कुणाला तरी ठरवावंच लागतं.

२६ मुलांचे तीन गट करा. एक कोठीचा : बाजार, निवडणं, मोजून देणं, हिशेब. दुसरा चुलीचा. तिसरा पंगतीचा : बैठक, पाणी, वाढणं, खरकटं, भांडी. दर रविवारी गटांची कामं बदलतील आणि चार आठवड्यांत प्रत्येकाच्या हाताखालून सगळी कामं जातील. शिवाय दर आठवड्याला एक पंगतप्रमुख. तो चिठ्ठी टाकून निवडा, मतं घेऊन नको. मतं घेतली की वर्गातला बोलका मुलगा निवडून येतो, त्याला सराव नकोच आहे. प्रमुखानं पळी हातात घ्यायची नाही. त्यानं सगळीकडे फिरायचं, विचारायचं, ठरवायचं, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर शेवटच्या पंगतीला बसायचं. चार रविवारांत चारच प्रमुख होतील हे खरं, पण प्रत्येकाला एक उपप्रमुखही द्या. उरलेली मुलं गटात काम करताना प्रमुखाचं काय चुकतंय ते बारकाईनं बघत असतातच, त्याची काळजी नको.

पहिल्या रविवारचा बेत साधा ठेवा : वरण-भात, बटाट्याची भाजी. दुसऱ्या रविवारी मात्र मुद्दाम कडव्या वालांची डाळिंबी उसळ करायला सांगा. तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला मी काय सांगायचं. पण मुलांना हे ठाऊक नसतं की रविवारची उसळ शुक्रवारी सकाळी सुरू होते. सकाळी वाल भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे. मे महिन्याच्या उकाड्यात शनिवारी मोड दिसायला लागतात. रविवारी सकाळी ते कोमट पाण्यात घालून एकेक वाल बोटांत दाबायचा, साल सुटून डाळिंबी टुपकन बाहेर येते. ४० माणसांसाठी दीड किलो वाल घेतले तर २६ मुलांना सोलायला तासभर तरी लागेल आणि त्या तासात जेवढ्या गप्पा होतील तेवढ्या तुमच्या ‘एकमेकांची ओळख करून घेऊ या’ छाप खेळांत आठवड्यातही होत नाहीत. आणि शुक्रवारी सकाळी वाल भिजवायला कोठीगट विसरला तर? विसरू दे. तुम्ही आठवण करू नका. शनिवारी संध्याकाळी कोरडे वाल बघून प्रमुखाचा चेहरा पडेल. पैसे टाकून मोड विकत आणावेत तर रविवारी सकाळी कडव्या वालांना मोड आलेले मिळतीलच याचा भरवसा नाही. मग कुणीतरी म्हणेल, ‘कुळथाचं पिठलं करू या का?’ पिठलं अर्ध्या तासात होतं. ज्या मुलाला किंवा मुलीला हे सुचेल तिच्याकडे तुमच्या देणगीदारांना बोट दाखवता येईल.

मी शिकत होते तेव्हा वसतिगृहाची मेस आम्ही मुलीच चालवायचो. दर महिन्याला दोघी मेस सेक्रेटरी. पहाटे मंडईत जाऊन भाव करायचे, गॅस संपत आला की नोंदवायचा, स्वयंपाकाच्या मावशी रजेवर गेल्या की पोळ्यांची सोय लावायची आणि रात्री जेवताना वरच्या वर्गातल्या मुलींकडून ‘आज वरण आहे की गंगाजल?’ हे ऐकून घ्यायचं. माझ्याबरोबरची एक मुलगी इतकी बुजरी होती की वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. तिच्या महिन्यात भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली. तिनं ती पिशवी दुसऱ्या दिवशी त्याच्या गाड्यावर परत नेऊन ओतली आणि एक शब्द न बोलता उभी राहिली. त्यानं बदलून दिली. वक्तृत्व तिला अजूनही जमत नाही.

आता मापं. ‘अंदाजानं घाल’ हे आपल्या घरातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे, निदान शिकणाऱ्यासाठी. सुरुवातीला शाळेच्या पोषण आहाराचं माप घ्या. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल. हे मुलांना सांगा आणि ४० माणसांचा हिशेब त्यांना करू द्या : ६ किलो धान्य, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. त्रैराशिक शाळेत शिकवतात ते यासाठीच, पण शाळेत ते नळ आणि हौदावर संपतं. मग पहिल्या रविवारी उरलेला भात वजनकाट्यावर ठेवायला लावा. दीड किलो उरला तर पुढच्या वेळी तांदूळ किती कमी घ्यायचे? दुपटी-तिपटीनं फुगलेला, पाणी प्यालेला भात आणि कोरडे तांदूळ यांचा हिशेब वेगळा आहे हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागेल, लागू द्या. आणि मग एक गंमत त्यांना स्वतःहून सापडेल : सगळंच त्रैराशिकानं वाढत नाही. चौघांच्या भाताला जे पाण्याचं प्रमाण, ते दसपट करून मोठ्या टोपात आधण ठेवलं तर भात गिचका होतो, कारण मोठ्या टोपातून त्या मानानं वाफ कमी जाते. मिठाचंही तसंच. हिशेबानं आलेल्या मिठाच्या पाऊण भागापासून सुरुवात करायची, चव बघायची, मग वाढवायचं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, मोठ्या टोपापाशी उभं राहिल्यावर कळतं.

गॅसची भीती रास्त आहे आणि ती झटकून टाकू नका. पण बिनगॅसचे पदार्थ हा तिच्यावरचा उपाय नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घरी कधी ना कधी गॅस पेटवावाच लागतो. तो पहिल्यांदा एकट्यानं पेटवण्यापेक्षा तुमच्यासमोर पेटवलेला बरा. वयाप्रमाणे कामं वाटा. पंधराच्या आतल्यांनी तळण करायचं नाही. भाताचं पाणी वेळायचं काम आणि भरलेलं पातेलं उचलणं कुणाही मुलाला द्यायचं नाही, ते दोन मोठ्या माणसांनीच जाड फडकी घेऊन करायचं. प्रत्येक शेगडीपाशी एक मोठं माणूस. ओढण्या, नायलॉनचे कपडे, मोकळे केस चुलीगटात चालणार नाहीत. सार्वजनिक कार्यक्रमाला लाल, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरता येत नाही, निळा १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो शेगडीपासून दूर, मोकळ्या जागी, उभाच ठेवायचा. पहिल्याच दिवशी मुलांना रेग्युलेटर बंद करायला शिकवा, प्रत्येकाकडून तीन वेळा करून घ्या. गॅसचा वास आला तर हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि १९०६ हा गळतीसाठीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचा. तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. मंडळातल्या एखाद्या काकू हमखास टूथपेस्ट घेऊन धावतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

काकूंचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकते, कारण तुमच्या योजनेला खरा धोका गॅसपेक्षा त्यांचा आहे. मुलीनं कांदा जाड चिरला की त्यांचा हात आपोआप सुरीकडे जातो. ‘सर बाई, मी करते पटकन’ म्हणतात आणि त्या पटकनमध्ये मुलीचं शिकणं संपतं. म्हणून मोठ्यांसाठी एकच नियम करा : आग, धार आणि शिळं, या तीनच गोष्टींत मध्ये पडायचं. भाजण्याची भीती, कापण्याची भीती किंवा अन्न बाधण्याची भीती. त्याखेरीज तोंड उघडायचं नाही. वरण खारट झालं? खारट. भाजी करपली? ४० माणसांना करपलेली भाजी वाढताना प्रमुखाला जे वाटेल ते तुमच्या ओरडण्यानं वाटणार नाही. ज्यांना हे जमणार नाही त्या काकूंना पहिल्या पंगतीला पाहुण्या म्हणून बोलवा, मानानं बसवा, आग्रह करून वाढा. त्यांचा हा हक्क आहेच.

शिळ्याबद्दल मात्र कडक राहा. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार वेळ राहिलं की जंतू भराभर वाढतात, आणि चिपळूणचा मे महिना त्याच तापमानाच्या मधोमध बसतो. भाताचं तर विशेष : काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तसाच कोमट राहिला की पुन्हा वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष भात गरम केल्यानंही जात नाही. म्हणून अकराला तयार, साडेबाराला पानात, दोनच्या आत सगळं आवरलेलं. उरलेलं अन्न संध्याकाळी ‘कुणा गरिबाला’ देऊन यायची आपल्याकडे एक सवय आहे. ती या शिबिरात नको. जे तुम्ही स्वतःच्या मुलाला संध्याकाळी देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला का? उरू नये म्हणूनच तर वजनकाटा आणला. हात साबणानं धुणं, नखं कापणं, जखमेवर पट्टी, पोट बिघडलेल्यानं त्या दिवशी कोठी किंवा चुलीपाशी न येणं, हे नियम मुलांनीच लिहावेत आणि मोडणाऱ्याला त्यांनीच बाहेर काढावं. मोठ्यांनी काढलं तर शिक्षा होते, त्यांनी काढलं तर शिस्त लागते. जेवायला मंडळाबाहेरची माणसं येणार असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे छोट्या प्रमाणावरच्या नोंदणीची गरज आहे का ते रत्नागिरीच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. गणेशोत्सवात मंडळांना महाप्रसादासाठी ही नोंदणी करायला सांगतात ते तुम्ही पाहिलं असेल.

मुलगे का येत नाहीत? ‘पाककला’ असं नाव दिलंत म्हणून. त्या शब्दानं मुलांच्या आया मुलींना पाठवतात आणि मुलग्यांना क्रिकेटला. नाव ‘रविवारची पंगत’ ठेवा आणि निरोप मंडळाच्या बायकांमार्फत न देता गावातल्या गणेश मंडळांच्या आणि शिमग्याच्या पालखीत पुढे असणाऱ्या पोरांमार्फत द्या. तीच पोरं महाप्रसादाच्या वेळी दोनशे माणसांना वाढत असतात, ओगराळं घेऊन पळत असतात. त्यांना कुणी ते शिक्षण आहे असं सांगितलेलं नसतं, एवढंच. पण मुलगे आल्यावर डोळे उघडे ठेवा. दुसऱ्याच रविवारी बघाल : बाजार आणि पैसे मुलग्यांकडे, पातेली उचलायला मुलगे, आणि कणीक तिंबायला, भांड्यांना मुली. कुणी ठरवून करत नाही, होतं. म्हणूनच कामांचा फेरा चिठ्ठीनं ठरवायचा आणि तो अदलाबदल करून मोडू द्यायचा नाही. पोळ्या लाटणाऱ्या मुलग्याचा फोटो मात्र पेपरात देऊ नका. मुलीनं पोळ्या लाटल्या तर आपण बातमी करतो का?

‘कुणाच्या हातचं खायचं?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. मला वाटतं तुम्ही विषय टाळलात. पुन्हा टाळू नका. प्रवेशाच्या अर्जावरच छापा : गट चिठ्ठीनं पडतील, सगळे सगळ्यांसाठी रांधतील, सगळे एका पंगतीत जेवतील. ज्यांना मान्य नसेल त्यांनी अर्ज भरू नये. यात घासाघीस नको. शाकाहार, अंडं न खाणं, उपास, जैन मुलांचं कांदा-लसूण, हे वेगळं. ज्याच्या त्याच्या पानातल्या गोष्टी आहेत आणि त्या सांभाळायला मुलांनी शिकायलाच हवं. पण पानात काय आहे हा एक प्रश्न, आणि ते कुणी वाढलं हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी उत्तर मिळालेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची, आणि स्वावलंबन हा शिक्षणाचाच भाग असल्यानं स्वयंपाकापासून साफसफाईपर्यंतची कामं मुलांनाच करावी लागत. १९२७ साली गांधीजी तिथे आले, त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. त्या मुलांच्या पोटाची सोय करताना पैसे कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे त्या दोन पालकांना सांगून त्यांचं मन बदलेल असा माझा भ्रम नाही. पण मुलांना सांगा. डाळिंब्या सोलताना सांगायला चांगली गोष्ट आहे.

पंगतीला बोलवायचं कुणाला? पहिल्या दोन रविवारी आईवडील आणि भावंडं. घरचं माणूस समोर बसलं की मुलं जास्त घाबरतात, ते बरं. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी गावातले एकटे राहणारे आजी-आजोबा. मुलं मुंबई-पुण्याला, घरात दोघं किंवा एकटंच, आणि एकट्यासाठी काय रांधायचं म्हणून दुपारी चहा-पाव खाऊन पडणारी माणसं तुमच्या आळीतही असतील. दहा-बारा जण पुरे. जे येऊ शकतात त्यांना घेऊन या, येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी ताजा डबा. पण आदल्या आठवड्यात दोन-दोन मुलांनी प्रत्येकाकडे जाऊन विचारून यायचं : साखर आहे का, रक्तदाबामुळे मीठ कमी लागतं का, कवळी आहे का, कुठला वार करता? ही वही घेऊन मुलं परत आली की बेतावर पहिल्यांदा खरी चर्चा होईल. बाराजणांत पाच मधुमेही, चौघांना भाकरी चावत नाही, एका आजींना सोमवार आणि एकादशी, आणि एका आजोबांचं म्हणणं की काहीही चालेल पण सोलकढी हवीच. मग भात मऊ करायचा का, मिरची वेगळी ठेवायची का, उसळीत गूळ घालायचा का? कुणाचं ऐकायचं आणि कुणाला गोड बोलून नाही म्हणायचं? तुमच्या वक्त्यांनी दुपारभर ज्या गोष्टीवर भाषण केलं असेल ती हीच. आणि हो, डबा देतानाचे फोटो काढायचे नाहीत. आजोबा जेवायला आले आहेत, मदत घ्यायला नाही.

देणगीदारांचं. त्यांचे ४० हजार जरूर घ्या, अट ऐकून घाबरू नका. माझा हिशेब असा : पंगतीला अडीच हजार धरले तर चार रविवारांचे दहा हजार. बाकीच्यात दोन मोठे टोप, एक चांगली दोन चुलींची शेगडी, दहा किलोचा वजनकाटा, चांगल्या सुऱ्या, दोन विळ्या, परात, डाव, झारे, ओगराळी. हे सगळं मंडळाकडे पुढच्या वर्षीही राहतं. टीशर्ट आणि बॅनर यांवर एक रुपया नको. अडीच हजार रोख कोठीगटाच्या हातात द्यायचे आणि संध्याकाळी पै-पैचा हिशेब त्यांच्याच अक्षरात वहीत. अमेरिकेत १९१० साली साउथ कॅरोलायना राज्यात मरी क्रोमर नावाच्या खेड्यातल्या शिक्षिकेनं ४७ मुलींचा टोमॅटो क्लब काढला होता. प्रत्येकीला एक दशांश एकर जमीन. तिनंच लावायचं, राखायचं, पिकल्यावर डब्यांत बंद करायचं, विकायचं आणि हिशेब ठेवायचा. विक्रीचे पैसे तिचे. अशाच मुला-मुलींच्या क्लबांतून पुढे ‘फोर-एच’ ही तिथली मोठी युवा चळवळ उभी राहिली. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथूनही हाच धडा मिळतो : मुलांना नुसतं काम शिकवून थांबायचं नाही, गावाला उपयोगी पडेल असं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं, कारण समोर खरं गिऱ्हाईक असलं की हात वेगळा चालतो. शेती, वेल्डिंग, अन्नपदार्थ, सगळ्याला तेच लागू. हे तुमच्या उद्योजकांना चटकन समजेल, ते गिऱ्हाइकावरच मोठे झाले असणार.

त्यांना तिसऱ्या रविवारी बोलवा. स्टेज नाही, शाल-श्रीफळ नाही. आजी-आजोबांच्या शेजारी पाटावर किंवा खुर्चीवर बसवा आणि त्या एका पानापुरता पळीचा नियम मोडून पंगतप्रमुखालाच त्यांना वाढू द्या. जेवण झाल्यावर हिशेबाची वही दाखवा. ‘दिसलं पाहिजे’ म्हणतात ना, दिसेल. आणि त्यांनी भाषण करायचं म्हटलं तर भांडी घासून होईपर्यंत थांबायला सांगा. बहुतेक थांबणार नाहीत.

प्रमाणपत्रं द्यायला माझी हरकत नाही, मुलांना ती आवडतात. फक्त ‘नेतृत्वविकास शिबिरात उत्साहानं भाग घेतला’ असं छापू नका. जे आलं ते लिहा : ‘४० माणसांचा भात लावता येतो, गॅस सुरक्षित हाताळतो, बाजाराचा हिशेब ठेवतो, २० माणसांची पंगत वाढता येते.’ ज्याला जे आलं नाही ते खोडा. अर्धवट भरलेलं प्रमाणपत्र पुढच्या वर्षी पूर्ण करायला मुलं परत येतात, आणि तेव्हा नव्या मुलांच्या गटाला शिकवायला तीच उभी करा. मंडळातल्या बायकांना त्यामुळे दोन वर्षांत निम्मी सुट्टी मिळेल.

एक घाईचं काम आहे. मे म्हणजे लग्नसराई. तुमच्याकडे मोठे टोप येईपर्यंत भाड्यानं घ्यायचे असतील आणि व्यावसायिक सिलिंडर हवा असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा. आणि ते सांगायलाही दोन मुलांना बरोबर न्या.